रेकॉर्डर चिरकतो तेव्हा

सोमवार. दिवसभर पाऊस.

आजची नोंद फक्त चिरकण्याबद्दल. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची पाश्चात्त्य बासरी. तो चिरकला की नवशिका आणखी जोरात फुंकतो, आणि तिथेच बिघडतं. आडव्या बासरीवर ओठांची ठेवण जमायलाच बरेच दिवस जातात. रेकॉर्डर आपल्या अलगुजासारखा, शिट्टीच्या तोंडाचा. हवेची चीर आत आयती असते, म्हणून पहिला सूर लगेच निघतो. पण जादा हवा अडवायला ओठ नसतात, त्यामुळे जोर वाढला की सूर थेट वरच्या सप्तकात उडतो. खालच्या सुरांना चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला सोडतो तेवढाच श्वास पुरे.

पण बऱ्याचदा दोष श्वासाचा नसतोच. हवा बोटाखालून निसटत असते. भोक बोटाच्या टोकाने नाही, मांसल गादीने झाकायचं. बोट उचलून पाहावं: गादीवर भोकाची पूर्ण गोल खूण उमटली पाहिजे. अर्धीच असेल तर गळती तिथे आहे. डावा हात वर, डावखुऱ्यांचाही. डाव्या करंगळीला काम नाही, डावा अंगठा मागचं भोक झाकतो. उजवा अंगठा मागून नुसता आधार देतो.

पहिला आठवडा बी, ए, जी (पाश्चात्त्य सुरांची नावं) या तीनच सुरांवर काढावा. बीला अंगठा आणि तर्जनी, एला मधलं बोट वाढवायचं, जीला अनामिका. मग उजवा हात. जी धरून ठेवायचा आणि खालची बोटं एकेक लावत जायचं. मध्येच सूर फुटला तर नुकत्याच ठेवलेल्या बोटाकडे पाहू नका. बहुतेक वेळा उजवा हात सरसावताना डावी अनामिका किंवा अंगठा हळूच सरकलेला असतो. सर्वांत खालचा सी शेवटी घ्यावा. शेवटच्या दोन जागी बारीक जोडभोकं असतात, दोन्ही एकदम झाकायची. करंगळी पोचत नसेल तर तळाचा तुकडा थोडा उजवीकडे फिरवून घ्यावा, बोट ताणू नये.

सुराची सुरुवात जिभेने, मऊ ‘दु’ म्हणत. ‘टु’ म्हटलं की खालचे सूर दचकतात.

विकत घेताना एक गोष्ट नक्की पाहावी: समोरच्या बाजूने वरून मोजत चौथं आणि पाचवं भोक. पाचवं लहान असेल तर रेकॉर्डर जर्मन पद्धतीचा, चौथं लहान असेल तर बरोक पद्धतीचा. जर्मन पद्धत वाद्यनिर्माते पेटर हार्लान यांनी १९२०च्या दशकात आणली. तिच्यात एफ सोपा: अंगठा आणि वरची चार बोटं. पण त्याची किंमत एफ-शार्पला (एफच्या वरच्या अर्ध्या सुराला) मोजावी लागते, तो नीट सुरात लागत नाही. बरोकमध्ये एफला पाचवं भोक उघडं ठेवून सहावं-सातवं झाकावं लागतं. दोन आठवडे त्रास होतो, तरीही आम्ही बरोकच घ्यायला सांगतो. चुकीच्या पद्धतीचा, कुठल्या सुराला कुठली बोटं ते दाखवणारा तक्ता समोर ठेवला तर एफ बेसूरच लागणार, मग दोष कानाला देतात.

वाजवता वाजवता आवाज घोगरा होऊन दबला, तर चिरेत पाणी साठलंय. थंड प्लॅस्टिकवर श्वासातली वाफ जमते. आधी पाच मिनिटं मुखाचा तुकडा काखेत किंवा मुठीत गरम करावा. तरी साठलंच तर खिडकीवर, म्हणजे मुखाजवळच्या चौकोनी भोकावर, तळहात हलकेच धरून जोरात फुंकावं. खिडकीच्या धारेला बोट, नख, कापडाचं टोक काहीही लागू देऊ नये. ती धार दुखावली की सूर गेला. प्लॅस्टिकचा रेकॉर्डर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावा. चिरेतून साबणाचं पाणी जाऊ देऊन ती तशीच वाळवली, तर पाणी थेंब धरून न बसता पसरतं.

लाकडाचा रेकॉर्डर मात्र पाण्यात घालायचा नाही. नवा असेल तर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवावा. लाकूड आतून ओलं आणि बाहेरून कोरडं राहिलं की तडकतं. बदामाचं किंवा जवसाचं तेल आतल्या नळीला काही महिन्यांनी एकदा, पातळ हाताने लावावं. मुखातल्या ठोकळ्याला आणि चिरेला तेलाचा थेंबही नको. तुकडे पिळून सोडवावेत, हलवून ओढू नयेत, सांध्याच्या बुचाला ग्रीस असावं. पावसाळ्यात वाजवल्यावर कापडाने पुसून तिन्ही तुकडे वेगळे, उघड्यावर रात्रभर ठेवावेत. ओला पेटीत बंद केला तर बुरशी येते.