पेटीवाल्याची मांडी

दोन वर्षांपूर्वी वास्कोच्या दामोदर सप्ताहात मी पेटी अर्ध्यावर सोडून उठलो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बसणारं 24 तासांचं अखंड भजन ते. गजर ऐन रंगात आला होता आणि माझ्या बुडाखाली कोणी निखारा सरकवल्यासारखं झालं. शेजारच्या पोराला खुणेने पेटी दिली, बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. तबलजी मित्र मागोमाग आला. "कितें रे, मूळव्याध?" मी हो म्हटलं. मूळव्याध सांगायला सोपी.

मूळव्याध नव्हती. दुखायचं ते पुढच्या आणि मागच्या वाटेच्या मधल्या शिवणीत. आत सुपारी अडकली आहे आणि आपण तिच्यावरच बसलो आहोत, असं. मधूनच ओटीपोटात कळ, कधी मांडीच्या आतल्या बाजूने खाली. लघवी करून आलं तरी अर्धी राहिल्याची भावना. म्हार्दोळहून पणजीला ऑफिसात स्कूटरने जायचं म्हणजे बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मी एका कुल्ल्यावर आलेलो असायचो.

लघवीची तपासणी, कल्चर, सोनोग्राफी, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटसाठीची तपासणी), सगळं झालं. सगळं स्वच्छ. तरी 'प्रोस्टेटला सूज' असं म्हणून आधी चार आठवडे, मग सहा आठवडे अँटिबायोटिक्स. बायको म्हणाली, "अहो, जंतूच सापडले नाहीत, तर हे औषध मारतंय कुणाला?" हा प्रश्न मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारला. ते हसले आणि तिसरा कोर्स लिहून दिला. तपासण्या केल्या याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ताप, लघवीतून रक्त, वजन उतरणं असलं काही असेल तर आधी तेच बघायला हवं. माझं म्हणणं एवढंच की दीड वर्षात तिथल्या स्नायूंना कोणी बोट लावून पाहिलं नाही.

मधल्या काळात मी फोनवर बघून केगेल, म्हणजे लघवी रोखायचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम, सुरू केले. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैलावलेल्या स्नायूंसाठी. मी दिवसातून शंभरदा आवळत बसलो. आठवड्याभरात शौचालाही त्रास व्हायला लागला.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईंनी, त्यांच्या स्वतःच्या दुखण्यावरून, मडगावच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. "मसाज करतात, पण तसला नाही," असं घाईघाईने जोडलं. गोव्यात मसाज म्हटलं की कळंगुट-बागाच्या रस्त्यावरचे बोर्डच डोळ्यांपुढे येतात. घरी सांगितलं तेव्हा बायकोने आधी पत्ता विचारला, मग फी.

बोरीचा पूल ओलांडून गेलो. ती मुलगी माझ्या भाचीच्या वयाची असेल. मला वाटलं, परत फिरावं. तिने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले: कसे बसता, किती वेळ, लघवी रोखून धरता का, दात आवळता का. मग मला भिंतीपाशी मांडी घालायला लावून पेटी वाजवायचा अभिनय करायला सांगितला. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, अंगाचा सगळा भार उजव्या बैठकीच्या हाडावर. पंचवीस वर्षं असा बसतोय हे मला पहिल्यांदा कळलं.

टेबलावर झोपवून तिने पोटापासून सुरुवात केली. बेंबीच्या खाली, जांघेत, मांडीच्या आत, कुल्ल्यात खोल, माकडहाडाच्या कडेने. तेल अगदी थोडं. चोळणं नाहीच. अंगठा एका जागी ठेवायचा, हळूहळू दाब वाढवायचा आणि थांबायचं. बैठकीच्या हाडाच्या आतल्या कडेला अंगठा टेकला आणि ती माझी सुपारी, जशीच्या तशी, जागी झाली. बाहेरून दाबल्यावर आतलं दुखणं हुबेहूब उमटलं. मी ओरडलो, खरं म्हणजे आनंदाने. दीड वर्षं जे कुठल्याच रिपोर्टात आलं नव्हतं, ते तिच्या अंगठ्याखाली होतं.

तिथे ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाचा स्नायू आहे आणि त्याच्याच आवरणातून पुडेंडल नावाचा मज्जातंतू जातो, असं तिने चित्र काढून दाखवलं. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची झोळी म्हणजे ओटीचा तळ. श्वास घेताना छाती आणि पोटामधला पडदा खाली येतो, झोळी थोडी झुकते. सोडताना दोन्ही वर जातात. माझी झोळी झुकतच नव्हती. मी म्हटलं, म्हणजे पेटीची पट्टी दाबलेली राहिली, वर यायचं विसरली, आणि सूर एकसारखा कण्हतोय. ती म्हणाली, तसंच काहीसं, आणि तुम्ही केगेल करून तीच पट्टी आणखी दाबत होता.

साधी मालीश का नको, हेही मी विचारलं. आमच्याकडे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना खोबरेल तेल हेच उत्तर असतं. तिने अमेरिकेतल्या दोन चाचण्यांचे आकडे सांगितले. 2009 सालच्या पहिल्या, लहान चाचणीत 47 रुग्ण होते, जवळजवळ निम्मे पुरुष. ओटीच्या स्नायूंवर नेमकं काम केलेल्यांपैकी 57 टक्क्यांनी बरं वाटल्याचं सांगितलं, सर्वांगाला मसाज दिलेल्यांपैकी 21 टक्क्यांनी. 2012 साली मूत्राशयाच्या दुखण्याच्या 81 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत हेच आकडे 59 आणि 26 आले. "म्हणजे दहातल्या चारांना माझा उपयोग नाही," असंही तिनेच सांगितलं. तिच्यावर माझा विश्वास बसला तो इथे.

पाचव्या बैठकीपासून आतून. हातमोजा, जेल, गुदमार्गातून एक बोट. आधी लेखी संमती, बरोबर कोणाला आणायचं असेल तर आणा, कधीही थांबा म्हणा. लाजेचं म्हणाल तर पहिली दोन मिनिटं. नंतर लाजायला सवडच नव्हती. बोट अर्धा सेंटिमीटर सरकायचं, थांबायचं. "दुखता जाल्यार सांगात. दहांत किती?" मी म्हणायचो सात. "श्वास सोडात. सोडून दियात." मी पाच म्हणेपर्यंत ती हलायची नाही. दीड-दोन मिनिटांनी आत काहीतरी वितळल्यासारखं सैल पडायचं आणि घाम फुटायचा. पहिल्या वेळी दोन दिवस जास्तच दुखलं. हे तिने आधी बजावलं नसतं तर मी परत गेलो नसतो.

बारा बैठका झाल्या. दुखणं पायरीपायरीने उतरलं असं नाही. सातवीनंतर मार्चअखेरीची हिशेबाची कामं आली, आठ-आठ तास खुर्चीत, आणि सुपारी पुन्हा हजर. घरचा अभ्यास वेगळा: खुर्चीवर पोटऱ्या टाकून जमिनीवर दहा मिनिटं पोटाने श्वास, टेनिसचा चेंडू कुल्ल्याखाली, शिवणीखाली चुकूनही नाही, शौचाला कुंथायचं नाही, तासातून एकदा उठायचं. साहेबांना वाटतं मी चहाला जातो.

आता दिवस दिवस दुखण्याची आठवण येत नाही. भांडण झालं, झोप कमी झाली की येते. तेव्हा दात सोडवतो, मग खालचं आपोआप सुटतं.

यंदा वास्कोला गेलो तेव्हा बरोबर एक पाट आणि चौघडी केलेली चादर नेली. पाटावर बैठक, गुडघे खाली, पेटी जरा उंचावर. तबलजी पाटाकडे बघून म्हणाला, "व्हडलो बुवा जालो मरे." एक तास दहा मिनिटं बसलो. मग स्वतःहून, दुखायच्या आधी, पोराला पेटी दिली, बाहेर फेरीत, म्हणजे सप्ताहाच्या बाजारात, जाऊन पाव किलो खाजं घेतलं, त्यातलं निम्मं उभ्या उभ्या खाल्लं आणि दुसऱ्या पाळीला परत येऊन पाटावर बसलो.