तुम्ही विचारलंत म्हणून : मला नक्की काय बघायला आवडतं

ट्रेनमधला आमचा ग्रुप, ऑफिसातल्या दोघीतिघी, नणंद आणि आता बिल्डिंगमधल्या काकूसुद्धा, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो की बाई तुला नक्की आवडतं तरी काय? घरोघरी चालू असलेली मालिका तू दहा मिनिटांत बंद करतेस आणि जो सिनेमा बघताना आम्हाला झोप लागली तो तू दोनदा बघितलास, मग चांगलं म्हणायचं तरी कशाला? डोंबिवली ते दादर एवढ्या वेळात याचं उत्तर पुरं होत नाही, ठाण्याला गर्दी आत घुसली की बोलणं तुटतं ते तुटतंच, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

मी काही सिनेमातली जाणकार नाही. अकाउंट्समध्ये नोकरी करते, घरी येऊन स्वयंपाक, मागचं आवरणं, आणि साडेनऊनंतर जो तासभर मिळतो त्यात जे लागेल ते बघते, हिंदी, मराठी, हल्ली सबटायटल वाचत मल्याळमसुद्धा. पण इतकी वर्षं बघून बघून माझ्या एक लक्षात आलंय की मला पडद्यावरची माणसं काम करताना बघायला आवडतात. म्हणजे भाजी चिरताना, फाइल शोधताना, दुकान उघडताना, कपडे वाळत घालताना. ज्या गोष्टीतल्या माणसांना दिवसभर काही काम आहे त्यांचं रडणं मला खरं वाटतं, आणि ज्यांना काहीच काम नाही ती कितीही ओक्साबोक्शी रडली तरी माझ्या पोटात काही हलत नाही. मी चांगलं-वाईट ठरवते ते एवढ्यावरूनच.

आता उदाहरण दिल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही, तर पहिलं नाव ‘कोर्ट’. हाच तो झोप लागणारा सिनेमा. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारतातर्फे ऑस्करलाही गेला, पण ते सगळं बाजूला ठेवा. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालू आहे की तुझं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका माणसाने आत्महत्या केली. यात गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहे. कोर्टात ती जुन्या कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवते, आपल्याला तिचा राग येतो, आणि मग सिनेमा काय करतो तर तिच्या मागोमाग तिच्या घरी जातो. लोकलने ती घरी निघते, मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सगळ्यांना वाढते. बस एवढंच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं कारण ही बाई म्हणजे आमच्या डब्यातली कुणीही असू शकते, मीसुद्धा. तिच्या युक्तिवादाने एका निरपराध म्हाताऱ्याचं आयुष्य वाया चाललंय आणि तिच्यासाठी तो ऑफिसातला आणखी एक दिवस आहे. ती दुष्ट आहे असं सिनेमा एकदाही म्हणत नाही. तिला घरी जाऊन कुकर लावायचाय.

आणि त्याच सिनेमात त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते ना, तो प्रसंग मला कधीही आठवतो, अगदी गाडीत उभी असताना सुद्धा. ती सांगते की नवरा मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी आत दगड टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर समजायचं की आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. हे सांगताना ती रडत नाही, आवाज चढवत नाही, मागे व्हायोलिन नाही. जसं कुणी विचारल्यावर आपण आपल्या कामाची पद्धत सांगू तसं सांगते. त्या एका झुरळाच्या माहितीने मला जे कळलं ते तासभर भाषण ऐकून कळलं नसतं.

तर आता मालिकांबद्दल, कारण खरा वाद तिथे आहे. माझा मालिकांवर राग नाही हो. आई अजूनही पोळ्या लाटून झाल्या की हात पुसत टीव्हीसमोर येऊन बसते आणि तिला त्यात विसावा मिळतो, त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण एकदा एका मालिकेत (नाव सांगत नाही) सूनबाई ओट्यापाशी उभी, अंगावर जरीची साडी, पातेल्यात डाव फिरवतेय आणि सासूला सडेतोड उत्तर देतेय. मी मागे नेऊन परत बघितलं. पातेलं रिकामं होतं आणि खाली गॅस पेटलेलाच नव्हता. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू, कारण तो प्रसंग बघणाऱ्या हजारो बायका त्याच वेळी खऱ्या गॅससमोर उभ्या असणार किंवा नुकत्याच तिथून बाहेर आलेल्या असणार, आणि त्यांना कोणी एवढंही दिलं नाही की पातेल्यात थोडं पाणी ओतून खाली गॅस लावावा.

यात काम करणाऱ्यांचा सगळा दोष आहे असंही मी म्हणणार नाही. रोज एक एपिसोड द्यायचा म्हणजे बारा बारा, तेरा तेरा तास शूटिंग, दर गुरुवारी रेटिंग येणार, त्यावर गोष्ट कुठे वळवायची ते ठरणार, मग एक थप्पड तीनदा दाखवायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवून आणायचा, तेवढाच वेळ भरतो. पण त्याच वेळात एखादी बाई नुसती मेथी निवडताना दाखवली तरी वेळ भरेल की! आणि मी पैजेवर सांगते की लोक बघतील.

कारण लोकांनी बघितलेलं आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 ला अल्फा मराठीवर (म्हणजे आताच्या झी मराठीवर) सुरू झाली तेव्हा आमच्या घरी सगळे एकत्र बसायचे, बाबासुद्धा, जे एरवी बातम्यांशिवाय काही बघत नसत. प्रभावळकरांचे आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. त्यात खलनायक कोण होता सांगा? कोणीच नाही. घरात काहीतरी आणायचंय, कोणाची तरी परीक्षा आहे, पाहुणे येणार आहेत, आणि रात्री आबा डायरी लिहायला बसतात. एवढ्यावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली. आजही कोणी मला विचारलं की आईबाबांबरोबर बसून काय बघू तर मी आधी हेच नाव घेते आणि मग ‘पंचायत’ ही हिंदी वेब सिरीज, कारण तिथेही ग्रामपंचायतीच्या सचिवाला काम आहे, ऑफिसचं कुलूप उघडायचंय, रजिस्टर भरायचंय, गावातले सोलर दिवे कुठे लावायचे ते ठरवायचंय. पहिला सीझन लॉकडाऊनच्या सुरुवातीला, एप्रिल 2020 मध्ये आला होता आणि आम्ही दोन दिवसांत संपवला.

‘सैराट’बद्दल माझं मत बहुतेकांच्या उलटं आहे आणि यावरून ग्रुपमध्ये दर वेळी भांडण होतं. सगळे म्हणतात पहिला भाग भारी, गाणी, बुलेट, ट्रॅक्टर, आणि इंटरव्हलनंतर सिनेमा रेंगाळतो. मला इंटरव्हलनंतरचाच सिनेमा जास्त आवडतो. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध परश्याबरोबर पळून हैदराबादला गेल्यावर आर्चीला कळतं की वस्तीत राहणं म्हणजे काय, तो वास, ते घर, मग ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तिथली भाषा बोलायला लागते, परश्या डोशाच्या गाडीवर उभा राहतो. पाटलाची मुलगी पगार घेऊन घरी येते हे नागराज मंजुळेंनी घाई न करता दाखवलंय, आणि त्यांनी घाई केली असती तर शेवट एवढा लागला नसता. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा. माहेरची माणसं भेटीच्या वस्तू घेऊन दारात येतात आणि आर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते. नंतर ते बाळाचे रक्ताचे ठसे आणि आवाज पूर्ण बंद, ते सगळ्यांना आठवतं, मला मात्र तो चहा आठवतो, कारण इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या कष्टाने उभं केलेलं घर होतं आणि त्यातला तो चहा होता.

‘फँड्री’मध्ये पण तेच. डुक्कर पकडायचा प्रसंग किती लांब आहे! सगळं कुटुंब धावतंय, पोरं बघून हसतायत, आणि मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं तसे हे सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर समोरून जातंय आणि हे सावधान. थिएटरमध्ये माझ्या पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शाळकरी जब्याला वाटत असतं की हे काम करताना त्याला आवडणाऱ्या शालूने आपल्याला बघू नये आणि कामाचीच लाज वाटायला लावणारी ही जी आपली पद्धत आहे ना, त्यावर शेवटी त्याने भिरकावलेला दगड आपल्यालाच लागतो.

‘द लंचबॉक्स’ मी किती वेळा बघितला त्याचा हिशोब नाही. आमच्या ग्रुपला तो आवडेलच कारण त्यात नवाजुद्दीन लोकलमध्ये बसून ऑफिसच्या फाइलवर भाजी चिरतो, आणि आपण मटार सोलतो ते काय वेगळं असतं. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नायिकेच्या वरच्या मजल्यावरची देशपांडे आंटी, जी शेवटपर्यंत दिसतच नाही, फक्त भारती आचरेकरांचा आवाज येतो आणि खिडकीतून खाली सोडलेली टोपली. तिचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणावर, नजर फिरत्या पंख्याकडे लागलेली, म्हणून ती पंखा बंद न करता चालू असतानाच पुसते. हे ऐकल्यावर मी सिनेमा थांबवला होता थोडा वेळ. माझ्या आजीने आजोबांचं चार वर्षं सगळं अंथरुणावर केलं, तिच्याही अशा काही गोष्टी होत्या ज्या बाहेरच्याला सांगून कळल्या नसत्या.

आणि आमच्या गावाचं नाव असलेला ‘डोंबिवली फास्ट’, 2005 चा, निशिकांत कामतांचा. लोकांना त्यातली मारामारी आठवते पण मला सुरुवात, उठणं, आवरणं, गाडी, बँक, परत गाडी, परत घर, परत उठणं. ते चक्र एवढं बरोबर दाखवलंय म्हणून पुढे त्या बँकेत काम करणाऱ्या नायकाचं भडकणं पटतं. कामत लवकर गेले, 2020 मध्ये, याचं मला अजून वाईट वाटतं.

‘बाईपण भारी देवा’ला मी सासूबाई आणि त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींबरोबर गेले होते, आम्ही अकराजणी. सिनेमा म्हणून मला काही ठिकाणी जरा जास्तच समजावून सांगितल्यासारखा वाटला, पण मंगळागौरीची प्रॅक्टिस करताना त्या बहिणींचे गुडघे, कंबर, दम लागणं हे सगळं खरं होतं आणि सासूबाई येताना रिक्षात बराच वेळ आपल्या बहिणींबद्दल बोलत होत्या, ज्यांच्याबद्दल त्या एरवी बोलत नाहीत. म्हणून मी त्या सिनेमाला वाईट म्हणू शकत नाही.

शेवटी ज्याची शिफारस मी सगळ्यांना करते आणि ज्यावरून नणंदेच्या घरी दोन दिवस अबोला झाला तो ‘द ग्रेट इंडियन किचन’, मल्याळम, 2021 चा. त्यात फार काही घडत नाही असं म्हणतात. अहो सकाळपासून रात्रीपर्यंत घडतच असतं! नवीन लग्न झालेली मुलगी, चिरणं, वाटणं, वाढणं, पुरुष जेवून उठल्यावर टेबलावर चघळून टाकलेलं उष्टं गोळा करणं, मग त्याच टेबलावर बायकांनी बसून जेवणं. सासऱ्यांना भात चुलीवरचाच हवा, चटणी मिक्सरमधली नको, कपडे मशीनमध्ये नको. आणि सिंकचा पाइप गळतोय, ती रोज नवऱ्याला सांगते की प्लंबरला बोलाव, तो रोज विसरतो, आणि ती रोज खालचं घाण पाणी उपसते. जवळजवळ सगळा सिनेमा फोडणीच्या, भांड्यांच्या, पाण्याच्या आवाजावर चाललाय. मी आईबरोबर बघितला. भाषा कळत नव्हती, सबटायटल तिला वाचता येत नव्हती, मी अधूनमधून सांगत होते, पण तिला सांगायची गरज पडली नाही. सिंकखालची ती बालदी पहिल्यांदा दिसली तेव्हाच ती म्हणाली, “वॉशर गेलाय, आज नाही बदलला तर खालचं सगळं सडेल.” नंतर पूर्ण सिनेमाभर ती काही बोलली नाही, रोजची मालिकाही त्या दिवशी तिने लावली नाही.

तर सांगायचं एवढंच की मला आता एक मालिका बघायची आहे. माझी मावसबहीण एसटीत कंडक्टर आहे. तिकिटाचं मशीन गळ्यात, सुट्या पैशांची पिशवी, उभ्या गर्दीतून मागच्या सीटपर्यंत जायचं, म्हातारी माणसं कुठे उतरणार ते लक्षात ठेवायचं, ड्यूटी संपली की डेपोत बसून पैसे मोजायचे आणि हिशोबाशी ताळा जुळवून भरायचे, एक दहाची नोट कमी पडली तर स्वतःच्या खिशातून टाकायची, मग घरी जाऊन भाकऱ्या. तिच्या घरीही सासू आहे, दीर आहे, रुसवेफुगवे आहेत, जे जे म्हणून मालिकेला लागतं ते सगळं आहे. अशी मालिका कोणी काढली आणि त्यात त्या बाईला खरंच नोटा मोजताना दाखवलं, तर मी रोज साडेनऊला टीव्हीसमोर बसेन आणि तुम्हालाही बसवेन.