लॉगबुकातली एक ओळ

शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन द्यायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. जानेवारीत एका पुणेकर जोडप्याची ३६ फुटी बोट मुंबईहून गोव्याला न्यायची होती. सर निवृत्त झालेले, काकूंनी शाळा वर्षभर आधी सोडलेली. पुढचे चार महिने दोघं बोटीवरच राहणार होते. गोवा, कारवार, मग जमेल तसं खाली कोचीपर्यंत. पहिला टप्पा मी पार पाडायचा आणि जाता जाता त्यांना शिकवायचं.

बोटीवर राहायचं म्हणजे सगळ्यात आधी गोड्या पाण्याचं गणित. टाकी ३०० लिटरची. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटी अंगावर एक तांब्या गोडं. भांडी खाऱ्यात विसळायची. रात्री दव इतकं पडतं की छताखाली नसलेलं सगळं ओलं होतं, आणि मीठ बसलेलं कापड एकदा ओलावलं की पुरतं कधी वाळत नाही. काकूंनी चौथ्या दिवशी तक्रार सोडली. सर अजून करत होते.

वाऱ्याचं वेळापत्रक या दिवसांत ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून मतलई, नऊ-दहाला तो पडतो. दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो, १२ ते १५ नॉट. दिवेलागणीला तोही मरतो. म्हणजे शीड दुपारपुरतं, उरलेला वेळ डिझेल. शिडाची बोट घेणाऱ्यांना हे विकणारा सांगत नाही.

त्या दिवशी दुपारी बाराला रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या खाडीतून नांगर उचलला. सकाळी गोव्यातल्या आग्वादला पोचायचं असं मी सरांना सांगून बसलो होतो. सांगायला नको होतं. समुद्रात वेळ कबूल करू नये, हे मीच शिकवतो लोकांना. विजयदुर्गाच्या समोर सूर्य बुडाला, वारा पडला, इंजिन लावलं. नऊनंतर डाव्या हाताला देवगडचा दीपस्तंभ. अमावस्या जवळ आलेली, पाणी चमचमत होतं. बोटीच्या मागे हिरवट निळी रेघ उमटत होती आणि काकू ती बघत मागच्या बाजूला बसल्या होत्या. पश्चिमेला क्षितिजावर एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांचा उजेड, एखादं गाव वसल्यासारखा. २०१७ पासून ती मासेमारी बंद आहे, कागदावर. त्या उजेडाकडे दोन मिनिटं बघितलं की पुढची दहा मिनिटं जवळचं काही दिसत नाही.

आता जाळ्यांबद्दल सांगतो, कारण कोकण किनाऱ्यावर रात्री बोट चालवणं म्हणजे निम्मं जाळी चुकवणं. खडक नकाशात असतात, जाळी नसतात. त्यातलं तरतं गिलनेट, आमच्या रायगडात वावरी म्हणतात, भिंतीसारखं पाण्यात उभं असतं. वरच्या दोराला बोये, खाली वजनं, मध्ये तंगूस, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं जाळं. टोकाला थर्मोकोलवर बांबू, बांबूला बावटा आणि सेलवर लुकलुकणारा दिवा. दिवे बाजारात मिळतील त्या रंगाचे. लाल, हिरवा, एकाच डबीत दोन्ही. आमच्या शास्त्रात लाल म्हणजे जहाजाची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. त्यामुळे पाव मैलावरचा थर्मोकोलचा तुकडा चार मैलांवरच्या मालवाहू जहाजासारखा दिसतो. होडीवाल्याचा यात दोष नाही. त्याला दिवा लावायला सांगितलं, त्याने लावला. कुठला लावायचा ते त्याला कुणी धड सांगितल्याचं मी पाहिलेलं नाही.

नियम एकच. एक दिवा दिसला की दुसरा शोधायचा. दोन दिवे दिसले की त्यांच्या मधून कधीही जायचं नाही, वळसा घालायचा, मग तो दोन मैलांचा का असेना.

मला दोन्ही दिवे दिसले होते.

एक डावीकडे, पांढरा. दुसरा उजवीकडे, लांब, मंद, हिरवट. वळसा घातला तर पाऊण तास जाणार होता. मनात हिशोब केला की हिरवा दिवा वेगळ्याच जाळ्याचा असेल. किंवा जाळं खोल सोडलं असेल, आपण वरून निघून जाऊ. आमचा कील, म्हणजे बोटीच्या तळाचा खाली उतरलेला भाग, पाण्याखाली १.८ मीटर. एवढ्या वर्षांत असं दोन-तीनदा वरून निघून गेलोही आहे. दहाला दहा मिनिटं असताना मागून धाप्प असा आवाज आला आणि इंजिन बसलं.

सर खालून धावत आले. "काय झालं? जाळं? दिवा होता का?"

"नव्हता," मी म्हणालो. विचार केलाच नाही, तोंडातून गेलं.

किल्ली काढून गळ्यात अडकवली. आपण खाली असताना वर कुणी मदत म्हणून इंजिन चालू करू नये, यासाठी. कमरेला दोर, डोक्याला दिवा. बोटीवर समुद्राचा नकाशा दाखवणारे दोन चार्टप्लॉटर होते, दातेरी सुरी एकच, तीही काकूंची पाव कापायची. दोर कापायला तिच्यासारखं हत्यार नाही, महागडा डायव्हिंगचा चाकू दोरावरून नुसता घसरतो. पाणी कोमट होतं. जाळ्याचा प्रत्येक डोळा हात लागेल तसा उजळत होता. तेव्हा मला सौंदर्य वगैरे सुचलं नाही, समुद्रसाप सुचले. जाळ्यात ते हमखास अडकतात.

वरचा दोर कील आणि सुकाणूच्या मध्ये ताणलेला, तंगूस इंजिनाच्या पंख्याच्या दांड्यावर गुंडाळून गरमीने वितळलेलं, प्लास्टिकच्या कांद्यासारखं. लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलायचा आणि दाणकन खाली यायचा, त्यामुळे प्रत्येक बुडीत डोकं आधी बाजूला घ्यावं लागे. आमच्या धंद्यात अशा वेळी जाळं कापून निघून जाणारे आणि नंतर गोव्यात बसून ते किस्से सांगणारे पुष्कळ आहेत. मी तसं करत नाही. आधी दोराच्या दोन्ही बाजूंना आपला दोर बांधायचा, ताणाखाली सरकणार नाही अशी गाठ मारून, आणि मगच मधला तुकडा कापायचा. जाळ्याला भोक पडतं, पण दोन तुकडे होऊन ते वाहून जात नाही. चाळीस मिनिटं लागली. गाठी चांगल्या पडल्या होत्या, हे मी आजही सांगेन.

वर आलो तेव्हा होडी येऊन लागली होती. होडी चालवणारा तांडेल साठीचा, बरोबर दोन पोरं. आरडाओरडा नाही. त्याने माझा बांधलेला दोर ओढून बघितला, गाठीवर बोट फिरवलं.

"गाठ बरी मारलंस."

सरांनी पाच हजार पुढे केले. त्याने दोन घेतले, मोजले, खिशात टाकले. वितळलेला कांदासुद्धा मागून घेतला, त्यात अडकलेले दोन बोये त्याला हवे होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "दिवो पेटत होतो मा?"

सर शेजारी उभे. मी म्हणालो, "नाय दिसलो, काका."

त्याने पोरांना होडी बावट्याकडे घ्यायला लावली, पाण्यातून बांबू उचलला. दिवा लुकलुकत होता. आम्हा सगळ्यांना दिसत होता. त्याने तो कानाजवळ नेऊन हलवला, डबी उघडली, चालू सेल काढले आणि बनियनच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले नवे सेल काढून घातले. झाकण दोनदा दाबून बघितलं. "कधी कधी खावन टाकता पाणी," असं काहीसं पोराला म्हणाला. मग हात केला आणि होडी गेली.

पहाटे मतलईवर वेंगुर्ल्याचे खडक डावीकडे टाकले. आग्वादला दुपारी पोचलो, म्हणजे तो पाऊण तासही वाचला नाही. काकूंनी वाटेत एकदाच विचारलं, "तो हिरवा दिवा त्यांचाच होता का रे?" त्या मागे बसल्या होत्या, हे मी विसरलो होतो. मी चहा ठेवायला खाली गेलो.

लॉगबुक पेनानेच लिहितात, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. त्यात माझ्याच अक्षरात आहे: "२१:५०, देवगडजवळ, विनादिव्याचं जाळं पंख्यात." सरांनी त्याचा फोटो काढून त्यांच्या बोटवाल्या मित्रांना पाठवला. खाली दहा-बारा जणांनी कोळ्यांना शिव्या घातल्या होत्या. मलाही दाखवलं. मी वाचलं आणि फोन परत दिला.

एप्रिलमध्ये तीच बोट परत आणायची आहे. वाटेत देवगडला थांबण्यासारखं काही काम नाही. होडीचा नंबर मी लॉगबुकात घातला नव्हता, पण तो पाठ आहे.