पोस्टातल्या बाईंचं कटिंग

माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये रविवारच्या बॅचला मी मटेरियलची लिस्ट देते त्यात शेवटची ओळ अशी असते की घरातलं असं काहीतरी आणा जे टाकायचं ठरलंय पण अजून टाकलं गेलेलं नाही. बहुतेक जण लग्नपत्रिका आणतात. मग त्यातला सोनेरी गणपती कापतात, कॅनव्हासच्या बरोब्बर मधोमध चिकटवतात आणि भोवती निळा ॲक्रिलिक, झालं मिक्स मीडिया, म्हणजे रंगाबरोबर कागद-कापड असं काहीही मिसळून केलेलं चित्र, यूट्यूबची कृपा. मी सांगून सांगून दमले की बाबांनो आधी काय काढून टाकायचं ते ठरवा, चिकटवणं सगळ्यात शेवटी, पण हातात फेविकॉलची बाटली आली की माणसाला धीर राहत नाही.

माझा क्लास दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या वरच्या खोलीत आहे. बडोद्याच्या बाहेरचे लोक विचारतात की इथल्या युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतून शिकलेली बाई हॉबी क्लास का घेते, काहीजण तर दया आल्यासारखं विचारतात. मला शिकवायला आवडतं म्हणून घेते, दुसरं कारण नाही. आणि आमच्या फॅकल्टीत शिकवणं हे कधी कमी दर्जाचं काम मानलंच नाही, १९५०ला ती सुरू झाली तेव्हा पेंटिंग शिकवायला चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते, इंदूरचे, आणि नंतर के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार फॅकल्टीच्या जत्रेसाठी, फाइन आर्ट्स फेअरसाठी, मुलांच्या बरोबरीने बसून खेळणी करायचा, लाकडाची, चामड्याची, मण्यांची. आम्ही शिकत होतो तेव्हाही ते किस्से कँटीनमध्ये फिरत असायचे. मला तेव्हापासून वाटत आलंय की चित्र आणि कारागिरी यांच्यामध्ये जी भिंत आहे ती बहुतेक गॅलरीवाल्यांनीच बांधली असणार.

माझं स्वतःचं काम भिंतींवरूनच सुरू झालं खरं तर. बडोद्याच्या जुन्या शहरात मांडवीकडून आत शिरलं की जुन्या घरांच्या भिंतींवर चुना, त्याच्यावर निळ, त्याच्यावर डिस्टेंपर, त्याच्यावर इलेक्शनचं पोस्टर, ते अर्धं फाडलेलं, आणि पावसाळ्यानंतर हे सगळे थर एकदम बाहेर येतात. इथल्या जुन्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं लोक कृष्णलीला बघायला जाऊन बघतात, मी जिथे रंग उडालाय ती जागा बघत बसते. घरी येऊन मी तेच उलटं करते, बोर्डवर थर चढवायचे, खडबडीत वाळू मिसळलेला जेसो, म्हणजे रंगाच्या खाली देतात तो पांढरा लेप, कागद, रंग, परत कागद, आणि मग पॉलिश पेपरने घासत घासत खाली जायचं. कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं नसतं. नवरा म्हणतो निम्मा वेळ तू केलेलं खरवडतेस, बरोबर आहे त्याचं.

तर त्या रविवारची गोष्ट. आमच्या बॅचमध्ये एक शाळकरी मुलगी येते, तिला सोडायला तिची आजी यायची आणि दोन तास कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आमच्याकडे असं बघायची जसं काही आम्ही बिनकामाचे आहोत. सगळे त्यांना काकूच म्हणतात. आयुष्यभर ब्लाऊज शिवले, सगळ्या गल्लीचे. एक दिवस नात म्हणाली आजीकडे टाकायचं म्हणून काहीतरी आहे, आणि काकूंनी पिशवीतून चिंधीने बांधलेली एक गुंडाळी काढून टेबलावर टाकली, म्हणाल्या "हे घे, रद्दीवाला पण घेत नाही."

ब्लाऊजची कटिंगं होती. म्हणजे पेपरवर काढलेले ड्राफ्ट, बरेचसे जुन्या 'संदेश' या गुजराती पेपरवर आणि काही खाकी कागदावर, पाठ, पुढचा भाग, बाही, गळ्याचा पट्टा, सगळं वेगवेगळं आणि एकाला एक टाचणीने लावलेलं. टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला. कडेला निळ्या पेन्सिलीने मापं, छाती, मुंढा, उंची, आणि नावाच्या जागी नाव नाहीच! काकू गिऱ्हाइकाचं नाव लिहीतच नसत, "बँकवाल्या", "जिन्याखालची सून", "तंबोरेवाल्यांची धाकटी" असं. मी तर खरं सांगते, वेडी झाले. खाली गुजराती बातम्या, कापसाचे भाव, सिनेमाच्या जाहिराती आणि वरून बाईच्या अंगाची वळणदार रेघ. १९१२मध्ये पिकासोने खुर्चीच्या वेताचं छापील ऑइलक्लॉथ कॅनव्हासला चिकटवलं आणि फ्रेमच्या जागी कडेने दोरी लावली ते आम्हाला आर्ट हिस्टरीत शिकवलं होतं, की इथून कोलाज आलं, आणि इथे काकूंच्या पिशवीत असं काहीतरी पडलेलं आणि रद्दीवाला घेत नाही.

सगळ्यांनी एक एक उचललं. मी म्हटलं थांबा, आधी कागद समजून घ्या. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडणार आणि ठिसूळ होणार, वरून कितीही ॲक्रिलिक मीडियम मारा, आतून चाललेलं थांबत नाही. म्हणून एकतर पिवळं होणं हाच चित्राचा भाग धरायचा नाहीतर लेझर झेरॉक्स काढून जेल मीडियमने, म्हणजे बिनरंगाच्या दाट ॲक्रिलिकने, ट्रान्सफर करायची, झेरॉक्स उलटी चिकटवायची, रात्रभर वाळली की पाणी लावून मागचा कागद बोटाने चोळून काढायचा, फक्त टोनर, म्हणजे झेरॉक्सची काळी पूड, राहतो. अक्षरं असतील तर आधी मिरर प्रिंट, आणि इंकजेट चालत नाही, शाई पसरते. हे मी दर बॅचला सांगते आणि दर बॅचला कोणीतरी इंकजेट घेऊन येतंच.

एवढं होईपर्यंत खिडकीजवळची एक बाई, आमच्यात नवीन आलेली, चाळिशीची असेल, तिच्या हातातला कागद बघत नुसती उभी. त्याच्यावर लिहिलेलं होतं "पोस्टातल्या बाई, मागे गळा वर".

"काकू, ह्या पोस्टातल्या बाई कुठे राहायच्या?"

काकू उठून आल्या. चष्मा वर करून कागद बघितला, नाव नाही वाचलं, खांद्याची रेघ बघितली. साधारणपणे पाठीचा ड्राफ्ट अर्धाच काढतात, कापड दुमडून कापायचं असतं ना, पण हा पूर्ण होता, डावा-उजवा दोन्ही, आणि डावा खांदा चार सूत खाली. म्हणजे अर्धा इंच. काकू म्हणाल्या "ह्यांचा डावा खांदा उतरता होता, सारखा काढला तर गळा तिरका बसायचा. सीताफळाच्या झाडाच्या वाड्यात राहायच्या. गेल्या ना त्या?"

ती म्हणाली "माझी आई. लहानपणी पडली होती. आम्हाला वाटायचं कोणाच्या लक्षात येत नाही."

आता क्लासमध्ये असं काही झालं की सगळे एकदम मऊ होतात, कोणी पाणी आणतं, कोणी पाठीवर हात ठेवतं, आणि काम बोंबलतं. मला ते जमत नाही. मी पाच मिनिटं चहा सांगायला म्हणून खालीच गेले.

वर आले तर वेगळंच चाललेलं. तिला तो कागद चित्रात हवा होता आणि चिकटवायचा नव्हता. मी म्हटलं झेरॉक्स काढ, ट्रान्सफर कर, ओरिजिनल घरी ठेव. नको म्हणाली, पेन्सिलीचा दाब त्याच्यात येणार नाही. बरोबर होतं तिचं, मागून हात फिरवला तर रेघ लागत होती बोटाला. मग म्हटलं गव्हाच्या स्टार्चची खळ लाव, म्युझियममध्ये कागद दुरुस्त करणारे तीच वापरतात, पाण्याने परत सुटते, फेविकॉलसारखी जन्माची गाठ नाही. तर म्हणाली ताई ह्या कागदाला पाणी लागलं तर उरेल का काही? आणि पेन्सिल तसली, पाणी लागलं की जांभळी पसरणारी. माझ्याकडे तिसरा उपाय नव्हता.

काकू म्हणाल्या "एवढं काय त्यात, कच्चा टाका घाल. पाहिजे तेव्हा ओढून काढ."

आणि बसल्याच त्या. बोर्डवर तिने आधीच कापड ताणलेलं होतं, जुनी वायल. काकूंनी बारीक सुई मागितली, आधी नुसत्या सुईने भोकं पाडून घेतली, चांगली बोटभर अंतरावर, म्हणाल्या जवळ जवळ टोचलंस तर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल. मग सैल धावदोरा, पांढरा, फक्त वरच्या कडेने, आणि दोऱ्याला गाठ न मारता शेपूट तसंच ठेवलं. कागद खालून मोकळा. पंखा लावला की उडायचा आणि खालची वायल दिसायची. मला खूप मोह होत होता सांगायचा की डाव्या बाजूला थोडा गेरू टाक, कंपोझिशन उजवीकडे झुकतंय. नाही सांगितलं. अर्ध्या तासाने तिने स्वतःच तिथे काहीच टाकायचं नाही असं ठरवलं आणि उजवीकडचा निळा पट्टा पॉलिश पेपरने घासून काढला, तोल आला. शिकवण्यातली माझी सगळ्यात आवडती वेळ हीच, मी बोलले नाही आणि काम पुढे गेलं.

बाकीचे मात्र काकूंवर तुटून पडले, आम्हालाही शिवायचंय. पुढच्या रविवारी नातीचे वडील हातमशीन वर चढवून देऊन गेले. कागदावर टीप मारायची तर टाका लांब ठेवायचा, सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप नाही मारायची, दोरे मागे ओढून गाठ, आणि कागदाची सुई वेगळी ठेवायची, कापडाला परत लावायची नाही कारण कागदाने तिची धार जाते, हे सगळं त्यांनी असं सांगितलं की कोणाची विचारायची हिंमत होईना.

लिस्टमध्ये मी आता सुई-दोरा टाकलाय. काकूंना म्हटलं की महिन्यातून एक रविवार तुमचा, शिवणाचा. त्या म्हणाल्या ठीक आहे, पण नातीची फी माफ आणि मला दर मुलामागे पन्नास, आणि ती उरलेली कटिंगं फुकट नाहीत हं आता, रद्दीवाला घेत नव्हता तेव्हा वेगळी गोष्ट होती.