पायावरचे ठिपके आणि यकृत

नडग्यांवर लाल-जांभळे ठिपके उठले तेव्हा घरात एकच निदान: उष्णता. सोलापूरचा मे महिना, त्यात मी चादरीच्या दुकानात दिवसभर उभी. सासूबाईंनी सब्जा भिजत घातला.

त्वचेच्या डॉक्टरांनी काचेची पट्टी ठिपक्यावर दाबली. रंग जाईना. "साधी लाली असती तर दाबल्यावर फिकी पडली असती. रक्त वाहिनीतून बाहेर झिरपलंय," ते म्हणाले. बोट फिरवलं तर ठिपके हाताला उंच लागत होते. त्यांनी मुद्दाम सगळ्यात ताजा ठिपका निवडून मुगाएवढा तुकडा काढला. रिपोर्ट आला: बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस.

थकवा आणि पिवळट डोळे यांची फाईल दुसऱ्याच दवाखान्यात होती. कावीळ म्हटल्यावर झाडपाला सुचवणारे चार जण भेटतातच. मी घेतला नाही. यकृत आधीच दुखावलेलं, त्यात आणखी काय घालायचं?

दोन्ही फाईली एकत्र वाचल्या त्या फिजिशियन मॅडमनी. आधी हेपटायटिस बी आणि सी तपासले, कारण त्या दोन्ही विषाणूंमुळेही रक्तवाहिन्या सुजतात. ते निगेटिव्ह. मग एएनए आणि स्मूथ मसल अँटीबॉडी (स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह, आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा एक प्रकार) भरपूर वाढलेलं. पी-एएनसीए ही व्हॅस्क्युलायटिसशी जोडली जाणारी टेस्टही पॉझिटिव्ह आली आणि मोबाईलवर वाचून माझी झोप उडाली. मॅडम म्हणाल्या, "ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये व्हॅस्क्युलायटिस नसतानाही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते. तिच्यावरून काही ठरवू नका." हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

लिव्हर बायोप्सीची भीती फार होती. प्रत्यक्षात सुई क्षणभर. नंतर उजव्या कुशीवर तासन् तास पडून राहणं जास्त जिकिरीचं. निदान पक्कं झालं: ऑटोइम्यून हेपटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. त्याच बिघाडातून तयार झालेली प्रथिनांची जाळी पायांच्या बारीक वाहिन्यांत अडकली असावी, असं त्यांचं मत. दोन्ही एकत्र येणं तसं क्वचितच. मूत्रपिंडालाही झळ बसू शकते म्हणून लघवी तपासली. ती स्वच्छ होती.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर ठिपके लवकर विरले, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी मात्र रेंगाळत उतरलं. पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन सुरू झालं आणि त्यासोबत पांढऱ्या पेशी वरचेवर मोजणं. स्टेरॉइडनं चेहरा गोल झाला, तर गल्लीतल्या बायका म्हणतात, "तब्येत छान सुधारली गं!"

एसजीपीटी नॉर्मल आल्यावर गोळ्या बंद करू का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही किमान 2 वर्षं नॉर्मल राहू देत, मग बोलू.