साडेदहा तासांचे अंतर

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराला एकही नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार घेऊन पूर्वी ‘माननीयां’च्या संपर्क कार्यालयात जाणारा माणूस या काळात नेमका कोणाकडे गेला, या प्रश्नावर मी एमएचा प्रबंध लिहिला, आणि त्याच प्रश्नाच्या भरवशावर गेल्या डिसेंबरात अमेरिकेतील सात विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज केले.

आपल्याकडे पीएचडीचा मार्ग नेट किंवा पेट यांसारख्या परीक्षेतून आणि मग मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे की नाही यावरून ठरतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. तिकडे प्रवेश देते ती त्या विषयाच्या विभागाची समिती. मोठ्या विभागांत दहा-पंधरा जागांसाठी काहीशे अर्ज येतात, आणि निवड झाली तर बहुधा पाच वर्षांचे शिक्षणशुल्क माफ होऊन वर विद्यावेतनही मिळते, ज्याच्या बदल्यात काही सत्रे शिकवण्याचे साहाय्य करावे लागते. त्यामुळे गुणपत्रिकेपेक्षा ‘तुमचा प्रश्न काय, आणि तो आमच्याकडेच का सोडवायचा’ याचे दोन पानी उत्तर अधिक मोलाचे ठरते. त्याला ते ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात.

ती दोन पाने लिहिताना मी सर्वांत जास्त अडले ते ‘नगरसेवक’ या शब्दाशी. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतला ‘कॉर्पोरेटर’ अमेरिकन वाचकाला एखाद्या कंपनीचा माणूस वाटू शकतो. ‘काउन्सिलर’ म्हणावे, तर नळाला पाणी आले नाही म्हणून रात्री अकराला ज्याला फोन करता येतो, दहाव्याला जो हजर असतो आणि गणपतीत ज्याचा फ्लेक्स चौकात लागतो, तो माणूस त्या शब्दातून निसटतो. शेवटी शब्द बाजूला ठेवून मी एका सोसायटीच्या सचिवांची हकिगत चार वाक्यांत लिहिली: तीच तक्रार घेऊन ते क्षेत्रीय कार्यालयात किती खेटे घालत होते आणि अखेरीस एका माजी नगरसेवकाच्याच फोनने ती कशी मार्गी लागली. पद गेले तरी फोन चालतो, हेच माझ्या प्रबंधाचे सार होते, आणि ते मला प्रबंध संपल्यानंतर, अर्ज लिहिताना नीट कळले.

शिफारसपत्रे तीन लागतात आणि ती थेट शिक्षकांनीच संकेतस्थळावर चढवायची असतात. माझ्या एका सरांनी मोठ्या मायेने पत्र लिहिले आणि मला फोनवर वाचूनही दाखवले: विद्यार्थिनी कष्टाळू, नम्र, वक्तशीर आणि सुस्वभावी आहे. असे पत्र आपल्याकडे कोणत्याही नोकरीला पुरले असते. तिथल्या समितीला मात्र हवे असते ते या मुलीने कोणता पुरावा कसा गोळा केला आणि कुठे चुकली याचे वर्णन. ‘‘सर, माझ्या चुका लिहा,’’ असे सांगणे मला फार जड गेले. ‘‘अगं, चुका कशाला लिहू? वेडी आहेस का?’’ म्हणाले, पण दोन दिवसांनी त्यांनी पत्र बदलले. काय बदलले ते मी पाहिलेले नाही, कारण ते पाहण्याचा हक्क अर्जातच सोडून दिला होता.

खर्चाविषयी एवढेच सांगते की एका अर्जाचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास आणि डॉलर तेव्हा नव्वद रुपयांच्या घरात होता.

मग वाट पाहणे सुरू झाले. आमच्या आईला बारावीच्या आणि सीईटीच्या निकालांची सवय आहे. निकालाला तारीखच नसते हे तिला अजून पटलेले नाही. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे तिकडचा कचेरीचा दिवस आपल्या संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन पहाटे साडेतीनला संपतो. फेब्रुवारीभर मी पहाटे उठून फोन पाहिला. पत्रात निकाल नसतोच. ‘तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे’ एवढेच असते आणि पुढे पासवर्ड घालून आत जावे लागते. नकार चार आले. चौथ्या वेळी पासवर्ड चुकला तेव्हा मला चक्क बरे वाटले होते.

दरम्यान १५ जानेवारी २०२६ ला पुण्यात मतदान झाले. ज्या पोकळीचा अभ्यास करायचा म्हणून मी अर्ज केले होते ती अर्ज तपासले जात असतानाच भरून निघाली. मी रांगेत उभी राहून मत दिले, बोटाला शाई लावून घरी आले आणि आपले दोन पानी निवेदन उघडून त्यातला वर्तमानकाळ पाहत बसले. नागरिक म्हणून झालेला आनंद खरा होता, पण अर्जदार म्हणून पोटात गोळा आला होता हेही खरे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका विद्यापीठाने मला प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले. उरलेल्या दोघांचे काहीच नाही. ज्यांना प्रवेश मिळाला आहे त्यांना १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायची मुदत असते, आणि त्यांच्यातील कोणी जागा सोडली तरच यादी पुढे सरकते. अर्जानंतर काही नवे घडले असल्यास कळवता येईल, असेही त्या पत्रात होते. म्हणून काल रात्री एका पानाचे पत्र पाठवले: नगरसेवक परत आले आहेत, आता माजींचे फोन चालतात की नव्यांचे, हे पाहायचे आहे. ८ मार्चला तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकली, तेव्हा आता अंतर साडेनऊ तासांचे आहे.