दहावीच्या वर्षात विषय मला कसे उलगडत गेले

मी नाशिकजवळच्या मखमलाबादची. घरची द्राक्षबाग आहे, शाळा पंचवटीत, मराठी माध्यम. दहावी झाली, आता अकरावी विज्ञानाला आहे. घरातली धाकटी भावंडं आणि गल्लीतली मुलं ‘अभ्यास कसा केलास?’ असं सारखं विचारतात, म्हणून जरा नीट लिहायला बसले आहे. किती तास बसायचं, कुठला क्लास लावायचा, याबद्दल मला सांगण्यासारखं फार नाही. त्या वर्षात माझ्या हाती एक गोष्ट लागली आणि बाकीचं तिच्यामुळे जमत गेलं. प्रत्येक विषयाची ‘हे खरं आहे’ असं म्हणायची आपापली रीत असते. धडा वाचताना मी ती रीत शोधायला लागले, आणि पाठांतराचं ओझं खूपच कमी झालं.

सुरुवात विज्ञानापासून झाली, तीही बागेत.

रासायनिक अभिक्रियांचा धडा शाळेत पावसाळ्यातच झाला होता. लोखंड आणि कॉपर सल्फेट यांच्यापासून फेरस सल्फेट आणि तांबं मिळतं, हे विस्थापनाचं समीकरण मला तोंडपाठ होतं. पुढे ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि पावसाची झड लागली. अशा हवेत डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते, म्हणून अण्णांनी बोर्डो हे फवारायचं बुरशीनाशक करायला घेतलं. एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, दुसऱ्यात चुना. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. दोन्ही एकत्र ओतून काठीने ढवळलं की आभाळी रंगाचं मिश्रण तयार होतं. मग अण्णांनी विळा घासून लख्ख केला, पातं त्यात बुडवलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. बाहेर काढलं तर पात्यावर तांबूस थर चढलेला.

“चुना कमी पडला. असंच मारलं तर पानं जळतील,” अण्णा म्हणाले. त्यांनी गाळलेली चुन्याची निवळी आणखी ओतली, विळा पुन्हा घासून बुडवला. या वेळी पातं स्वच्छ निघालं.

मी तिथेच उभी होते. पाठ केलेलं समीकरण समोर विळ्याच्या पात्यावर होतं. चुना पुरेसा नसला की मिश्रणात तांब्याचे क्षार मोकळे राहतात, लोखंड त्यातलं तांबं बाहेर काढतं आणि तेच पात्यावर बसतं. ड्रम प्लास्टिकचा का, लोखंडी पिंप का चालत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. हे अण्णांना कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. पण त्यांची रीत पक्की विज्ञानाची आहे: अंदाज करा, करून बघा, चुकलं तर बदला, पुन्हा बघा. त्या रात्री मी धातूंची क्रियाशीलता श्रेणी परत वाचली. आधी ती मला नुसती नावांची रांग वाटायची. आता प्रत्येक जोडीपुढे ‘हे त्याला हटवेल का?’ असा प्रश्न उभा राहिला आणि श्रेणी आपोआप लक्षात बसली.

प्रकाशाच्या अपवर्तनाचंही असंच झालं. माल काढायची वेळ जवळ आली की आमच्याकडे रसातली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर निघतो. मणी दाबून रसाचा एक थेंब त्याच्या काचेवर सोडायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे तोंड करून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथला आकडा वाचायचा. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर. लहानपणापासून मी आकडा वाचून सांगत आले, पण ती रेषा खालीवर का सरकते हा प्रश्न कधी पडला नव्हता. रसात साखर जास्त असली की त्याचा अपवर्तनांक वाढतो, प्रकाश निराळ्या कोनातून जातो आणि रेषा सरकते. धड्यातल्या आकृतीत हवा, काच आणि पाणी होतं, आमच्याकडे थॉमसन जातीच्या द्राक्षांचा रस.

गणिताचा मार्ग मात्र वेगळा, आणि तो वेगळा आहे हे कळणंच माझ्यासाठी महत्त्वाचं ठरलं. विज्ञानासारखंच गणितही करून बघून पटवून घ्यावं असं मला वाटायचं. पायथागोरसच्या प्रमेयाला मी पट्टीने त्रिकोण काढून मोजायचे, बरोबर यायचं आणि समाधान व्हायचं. आमचे भूमितीचे सर म्हणायचे, “हजार त्रिकोण मोजलेस तरी हजारच मोजलेस. सिद्धता एकदाच करायची आणि सगळ्या त्रिकोणांना ती पुरते.” पक्ष, साध्य, सिद्धता, हे तीन मथळे पेपरात मार्क मिळवायला असतात असं मुलांना वाटतं. खरं तर वाद घालायची ती फार सुंदर पद्धत आहे. आपल्या हातात काय आहे ते आधी सांगायचं, कुठे पोचायचं ते सांगायचं, आणि मग प्रत्येक पावलाला कारण द्यायचं.

याच धड्यात प्रमेयाचा व्यत्यास येतो. बरीच मुलं तो सोडून देतात, मला तोच जास्त आवडला. काकांनी नवीन प्लॉट पाडला तेव्हा ओळी सरळ याव्यात म्हणून कोपऱ्यात आधी गुण्या लावला होता. दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी हलवायची. गवंडीही असंच करतात. इथे काटकोन आधी नसतोच, बाजूंवरून तो मिळवायचा असतो, म्हणजे वापरात आहे तो व्यत्यास. प्रमेय आणि व्यत्यास यांतला फरक परीक्षेत विचारला तर मी दोरी डोळ्यांसमोर आणायचे.

आता इतिहास. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण या विषयावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. ‘सनावळ्या पाठ कर, झालं’ असं म्हणतात. दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनापासून होते, म्हणजे इतिहास कसा लिहितात, पुरावा कसा तपासतात इथून. हा भाग बहुतेक मुलांना कंटाळवाणा वाटतो. मलाही त्याला हात धरायला काही मिळत नव्हतं, पांडवलेणीला जाऊन येईपर्यंत.

पांडवलेणी आपण नाशिककर सहलीला, पहाटे चढायला, फोटो काढायला जातो. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख कोरलेला आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीत, एका आईने आपल्या मुलाचा पराक्रम दगडात लिहून ठेवला. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश निखालस संपवला, असं ती सांगते. आमच्या इतिहासाच्या बाईंनी तिथेच, पायऱ्यांवर बसून विचारलं, “आई मुलाबद्दल बोलते आहे. किती विश्वास ठेवायचा?”

आम्ही गप्प झालो. मग त्यांनी जोगलटेंभीची हकीकत सांगितली. सिन्नर तालुक्यातल्या या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचीच नाणी जिंकलेल्याने आपल्या नावाने चालवली. आईचं म्हणणं एका बाजूला, आणि तिला माहीतही नसलेला दुसरा साक्षीदार जमिनीखाली वाट बघत पडलेला. दोघांची साक्ष जुळते. शिवाय त्याच डोंगरावर दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. म्हणजे हरलेल्या बाजूनेही आपलं म्हणणं लिहून ठेवलंय, आणि ते जिंकलेल्याच्या लेण्यापासून चालत काही पावलांवर आहे.

मला त्या दिवशी इतिहास आवडायला लागला. पुढचा प्रत्येक धडा मी तीन प्रश्न घेऊन वाचला: हे कोण सांगतंय, का सांगतंय, आणि दुसरं कोण सांगतंय? सनावळ्याही मग आपोआप जागेवर बसल्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, आणि बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती १३ ऑक्टोबर १९३५ ला. दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. या दोन तारखांच्या मधल्या काळात नाशिकच्या रस्त्यांवर माणसांनी काय सोसलं असेल याचा विचार केला, की दुसरी तारीख पहिलीमधूनच येते. मी रोज शाळेत जायचे तो रस्ता काळारामाच्या जवळून जातो. देऊळ रोज दिसायचं. त्याच्या पूर्व दरवाजाकडे थांबून बघावंसं दहावीतच वाटलं.

भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. ब्राझील लांबचं, म्हणून मी आधी घरचं पाणी मोजायला घेतलं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की नाशिकमध्ये सगळे एकच विचारतात, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. बातमीत मात्र आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, तेव्हा या वेगाने एक टीएमसी पाणी जायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतात. हे गणित मी रामकुंडावरून घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर केलं. तेव्हापासून नदीचा प्रवाह, उतार, खोरं हे शब्द मला कोरडे वाटले नाहीत. ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीला अरबी समुद्र जवळ आहे, तरी ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. ब्राझीलच्या उच्चभूमीतल्या नद्यांचा धडा आला तेव्हा मी हाच प्रश्न विचारत गेले: उतार कुणीकडे?

मराठीत रसग्रहणाचा प्रश्न असतो. तिथे गाइडमधली तयार वाक्यं लिहायची सवय फार बोकाळली आहे, आणि मला तिचं मनापासून वाईट वाटतं. कुसुमाग्रज ज्या गावात राहिले, जिथे २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन एवढ्या प्रेमाने साजरा करतो, तिथल्या मुलांनी सगळ्या कवितांना ‘कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ असं एकच वाक्य चिकटवावं? मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कवितेबद्दल जे म्हणेन, त्याच्याखाली कवितेतला एक तरी शब्द दाखवायचा. दाखवता आला नाही तर वाक्य खोडायचं. उत्तरं लहान झाली, पण माझी झाली.

हिंदी आणि इंग्रजीला मी रोजचा थोडा वेळ दिला, वाचलं, लिहिलं, बस. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातलं प्राण्यांचं वर्गीकरण मात्र मला शेवटपर्यंत पाठच करावं लागलं. बागेत गांडुळं, गोगलगायी, कोळी सगळे भेटतात, तरी संघ आणि त्यांची लक्षणं ओळीत बसली ती घोकूनच. काही भागांना तेवढं करावंच लागतं.

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात आमच्याकडे बागेची काढणी चालू होती. घरात मजूर, क्रेट, ट्रकची ये-जा. अभ्यासाला शांतता अशी नव्हतीच. मी पहाटे गणित करायचे, कारण सिद्धतेला सलग डोकं लागतं, आणि इतिहास-भूगोल दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये आईला मोठ्याने सांगायचे. आई सातवीपर्यंत शिकलेली. ती मध्येच विचारायची, “हे तुला कोणी सांगितलं?” याच्याइतका चांगला सराव मला कुठल्या सराव परीक्षेत मिळाला नाही.

आता अकरावीत विज्ञान इंग्रजीतून आहे. मराठी माध्यमातून आलेली आमच्यासारखी मुलं वर्गात पहिल्या महिन्यात अगदी गप्प असतात. प्रकाशाचा तास होता तेव्हा मी अण्णांना विचारून ब्रिक्स मीटर नेला होता. सरांनी तो सगळ्या बाकांवरून फिरवला. पिंपळगावहून येणारी एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडेपण आहे की हा!” त्यानंतर आम्ही दोघींनी शेवटच्या बाकावर बसून, रसात साखर वाढली की ती रेषा का सरकते, हे आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वहीत लिहून काढलं.